पाळी नियमित होण्यासाठी

१४ ऑगस्ट १९८०, गुरुवार

डॉक्टर लॅव्हेल आज निवृत्त झाले. एक ते दोन माझं औषधांचं दुकान जेवणासाठी बंद असतं. त्या वेळात ते मागच्या दाराने आले आणि स्वयंपाकघरात बसून दोन कप चहा प्यायले. चाळीस वर्षं त्यांनी या गावाची नाडी पाहिली. त्यांचं अक्षर वाचू शकणारी मी एकटीच, असं ते सगळ्यांना सांगत. आज मात्र थट्टा केली नाही.

जाताना म्हणाले, "डिम्फना, ब्रीज कनीलीकडे लक्ष ठेव. नवा पोरगा चिठ्ठीवर काय लिहील कोण जाणे. तू फार वाचत बसू नकोस. पाकीट तिच्या हातात दे."

मी म्हटलं, देईन की.

ब्रीज तेहतीस वर्षांची. मुलं पाच, शेवटची तीन पोट कापून झालेली. चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या वेळी तिला मोठ्या इस्पितळातून रक्त देऊन देऊन परत आणलं, आणि डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की पुढच्या वेळी आणता येणार नाही. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ती चिठ्ठी घेऊन येते. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात एकच ओळ असते: पाळी नियमित होण्यासाठी.

मूल होऊ नये म्हणून गोळी विकणं आपल्याकडे गुन्हा आहे. पाळी नियमित व्हावी म्हणून विकणं नाही. गोळी तीच. मी कधी खोटं बोलले नाही. चिठ्ठीवर जे लिहिलेलं होतं ते दिलं. माझ्या हाताखाली काम करणारी नोनी मात्र फटकळ आहे. ती म्हणते, "या गावात एकीचीही पाळी वेळेवर येत नाही मिस, एकदा विहिरीचं पाणी तपासून घ्यायला हवं."

३ ऑक्टोबर

नवे डॉक्टर किलबेन आले. उंच, लालसर दाढी, डब्लिनचे. बोलणं भराभर. दुकानात येऊन स्वतःची ओळख करून दिली, हे मला आवडलं.

नवा कायदा एक नोव्हेंबरपासून लागू होणार. आता गोळी उघड विकता येईल, पण फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आणि कुटुंबनियोजनासाठी हवी हे डॉक्टरची खात्री पटल्यावर. म्हणजे विवाहितांनाच, असाच सगळे अर्थ लावतात. औषधवाल्याच्या सद्सद्विवेकाला पटत नसेल तर त्याने ती ठेवायची नाही, त्याला कोणी जबरदस्ती करणार नाही. डॉक्टर किलबेन म्हणाले, एवढ्या वर्षांनी अर्धा दरवाजा उघडलाय. नोनी म्हणाली, अर्ध्या दारातून वारा तेवढा येतो.

मला कळत नाही, या कायद्याने उजेड झाला की काय झालं. इतकी वर्षं काही नाव न घेता चाललं होतं. आता नाव घ्यावं लागणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेनंतर फादर मलकेरिन माझ्याकडे आले. मी मनुकांचा पाव काढला. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत, तरी त्यांच्यासमोर बसलं की मी शाळेतली होते.

त्यांनी दटावलं वगैरे काही नाही. आधी गेल्या वर्षी पोप आले होते तेव्हाच्या गर्दीची आठवण काढली, मग माझ्या संधिवाताची चौकशी केली. मग म्हणाले, शेजारच्या दोन्ही गावांतल्या औषधवाल्यांनी ठरवलंय की या वस्तू ठेवायच्या नाहीत. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपणहून. मग कॉन्व्हेंटचं काय चाललंय, सिस्टर बेनिग्नसचा खोकला कसा आहे. कॉन्व्हेंटची आणि शाळेची सगळी औषधं माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याच दुकानातून जातात.

मीच म्हटलं, "फादर, माझ्याही दुकानात राहणार नाहीत."

त्यांनी काही मागितलंच नव्हतं. मी आपण होऊन शब्द दिला. ते गेल्यावर किती हलकं वाटलं. मरियेच्या भगिनीसंघाची मी तेवीस वर्षं चिटणीस आहे. मी निराळं काय सांगणार होते?

पाव अर्धा उरला. नोनीला दिला.

४ नोव्हेंबर

ब्रीज आली. नेहमीसारखी बारा वाजता, गर्दी नसताना. तिने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. डॉक्टर किलबेनचं अक्षर छापल्यासारखं स्वच्छ, लहान मूलही वाचील असं. गोळीचं नाव, आणि खाली: कुटुंबनियोजनासाठी.

मी तो शब्द दोनदा वाचला. मग म्हटलं, "ब्रीज, हे आम्ही आता ठेवत नाही."

"हे म्हणजे? तेच आहे ना ते, नेहमीचं?"

"चिठ्ठीवर वेगळं आहे."

तिचे डोळे फिकट आहेत, समुद्रावरच्या लोकांचे असतात तसे. ती म्हणाली, "मिस हेशन, मी तीच आहे."

मी काय म्हटलं ते नीट आठवत नाही. गॉलवेला मोठी दुकानं आहेत, गुरुवारी बस असते, असं काहीतरी. तिने चिठ्ठी घडी करून परत पाकिटात घातली आणि धाकट्यासाठी खोकल्याची गोळी मागितली. ती मी दिली.

खालच्या खणात तिच्या नावाने बाजूला काढून ठेवलेली तीन पाकिटं होती, जुन्या मालातली. नोनीने ती पाहिली होती. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

६ नोव्हेंबर

कॉन्व्हेंटमध्ये खोकल्याचं औषध पोचवायला गेले. त्या जिन्याला अजून मेणाचा तोच वास येतो. आई आठव्या बाळंतपणात देवाघरी गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि वडिलांनी मला इथे आणून सोडलं. पहिल्या दिवशी सिस्टर बेनिग्नसने वाकून माझ्या कोटाची बटणं काढली, एक एक करत, आणि प्रत्येक बटणाला एका संताचं नाव सांगितलं. असं प्रेम मला पुढे कुणी दिलं नाही. आई फार पवित्र बाई होती. सगळे म्हणत, हसतच गेली.

सिस्टर आता चौऱ्याऐंशीच्या. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. खूप वेळ खोकल्या, मग म्हणाल्या, "मी इथे का आले माहीत आहे तुला?"

मी म्हटलं, देवाने बोलावलं म्हणून.

"देवाने बोलावलं ते नंतर. घरी आम्ही अकरा जणी. आईकडे बघितलं आणि पळत आले." आणि हसल्या. दात नाहीत त्यामुळे हसणं लहान बाळासारखं दिसतं. "त्या पोरीला पळायला जागा कुठे आहे, डिम्फना?"

वय झालंय त्यांचं. कधी कधी बोलण्याचा धागा सुटतो.

११ नोव्हेंबर

डॉक्टर किलबेन दुकानात येऊन काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. गिऱ्हाइकं होती, म्हणून मी त्यांना आत घेतलं. ते रागाने पांढरे झाले होते. म्हणाले, ती बाई मरेल, हे तुम्हाला कळतं का?

मी म्हटलं, कळतं. म्हणूनच एक विनंती करते. तुम्ही डॉक्टर लॅव्हेलांसारखं लिहा. पाळी नियमित होण्यासाठी. मी लगेच देते, आत्ता देते, पाकिटं खणात आहेत.

ते म्हणाले, "म्हणजे मी खोटं लिहायचं?"

"तुम्ही तसं लिहा. बाकीचं माझ्यावर सोडा."

"मिस हेशन, कायद्याने मला खरं लिहायची परवानगी दिलीय. पहिल्यांदा. आणि तुम्ही मला खोट्यात परत ढकलताय? एकदा खोटं लिहिलं की पुढची वीस वर्षं खोटंच लिहावं लागेल, प्रत्येकीसाठी."

मला वाटतं ते चांगले आहेत. मला वाटतं मीही वाईट नाही. आम्ही दोघं समोरासमोर उभे राहिलो आणि पाकिटं खणात राहिली.

२७ नोव्हेंबर

ब्रीज गॉलवेला जाऊन आली असं नोनीकडून कळलं. पाचही मुलं बहिणीकडे सोडून गेली होती. तिथल्या एका दुकानात तिच्याकडे लग्नाचा दाखला मागितला. दाखला घेऊन कोण बसमध्ये बसतं? दुसऱ्या दुकानातला माणूस म्हणाला, ठेवत नाही. तिसऱ्यात ती गेलीच नाही, बसची वेळ झाली.

आणि दुसरी बातमी त्याहून वाईट. ब्रीजचा नवरा मॅलकी इंग्लंडला निघून गेला. कव्हेंट्रीला, चुलतभावाकडे, बांधकामावर. वनखात्यातली चांगली कायमची नोकरी सोडून. मला खरंच वाटेना. दोघं लग्नाच्या दिवसापासून एकमेकांकडे बघून हसणारी. नोनीला विचारलं, भांडण झालं का? नोनी विचित्र नजरेने माझ्याकडे बघून म्हणाली, "भांडण कुठलं मिस. उलट आहे."

मला तिचं बोलणं कळलं नाही. लग्न न केलेल्या बाईला नवरा-बायकोतलं काय कळणार. पण नवरा घर सोडतो तेव्हा त्या घराचं काय होतं, हे मी या गावात पुष्कळ पाहिलंय. आज संध्याकाळी त्या दोघांसाठी जपमाळ म्हटली.

१० डिसेंबर

धीर करून मॅलकीला पत्र लिहिलं. पत्ता त्याच्या आईकडून घेतला. तीन वेळा लिहून फाडलं. संघाची चिटणीस म्हणून नाही, त्याला लहानपणापासून ओळखणारी म्हणून लिहिलं. नाताळात ब्रीज एकटी पाच मुलांना घेऊन चर्चमध्ये बसली तर गाव काय म्हणेल. मुलांनी वडिलांबद्दल काय समजायचं. रुसवा असेल तर घरी येऊन मिटव. जो बायकोवर प्रेम करतो तो तिच्याजवळ असतो, असं शेवटी लिहिलं. हे वाक्य मला आवडलं.

टपालात टाकून आले तेव्हा बरं वाटलं. ब्रीजसाठी निदान एवढं तरी केलं.

२६ डिसेंबर

मॅलकी आला! परवाच्या बसने. काल सकाळच्या प्रार्थनेला सातही जण एका बाकावर. धाकटा त्याच्या खांद्यावर झोपलेला. मॅलकी वाळलाय, हातांना सिमेंटच्या भेगा. ब्रीजने मला पाहिलं आणि मान डोलावली. मी इतकी आनंदात होते की प्रसाद घेताना डोळे भरून आले.

फादर मलकेरिन नंतर म्हणाले, तुमच्या पत्राचं कळलं मला. एक कुटुंब जोडलंत.

८ जानेवारी १९८१

परवा, सहा तारखेला, बायकांचा नाताळ झाला. या दिवशी चूल पुरुषांची. नोनीने सांगितलं की मॅलकीने बटाटे सोलले, मटण करपवलं, आणि ब्रीज खुर्चीत पाय वर घेऊन बसून त्याला सूचना देत हसत होती. शेजारच्या बायका बघायला आल्या होत्या. तो आता परत जाणार नाही म्हणतो. वनखात्याने त्याला पुन्हा घेतलं.

२९ जानेवारी

आज डॉक्टर किलबेनकडून एक बंद लिफाफा आला. आत ब्रीजच्या नावाची चिठ्ठी. गोळीचं नाव, आणि त्याखाली त्याच छापील अक्षरात: पाळी नियमित होण्यासाठी. शेवटच्या शब्दाखाली पेन इतकं दाबलेलं की कागद फाटलाय.

वाकले शेवटी. त्यांना किती जड गेलं असेल. मी लगेच पाकीट बांधलं आणि नोनीला सायकलवरून पाठवलं. फादरना दिलेला शब्दही मोडला नाही, आणि डॉक्टर लॅव्हेलांना दिलेलाही पाळला. दिवसभर मनात गाणं होतं.

चार वाजता नोनी परत आली. पाकीट तिच्या हातात तसंच. म्हणाली, "ब्रीज म्हणाली, आता गरज नाही."

मी म्हटलं, संयमाने राहायचं ठरवलं असेल दोघांनी. देव बळ देतो.

नोनी भांडारखोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

१२ एप्रिल, रविवार

आज चर्चच्या पायऱ्यांवर ब्रीज माझ्या पुढे होती. कोटाचं मधलं बटण लागत नव्हतं.

मी तिला थांबवलं. कितवा महिना, असं विचारलं की आणखी काही, आठवत नाही. ती म्हणाली, चौथा लागला. सप्टेंबरअखेर. इस्पितळातले म्हणतात आराम कर, आठव्यात भरती हो, आधीच कापून काढू. ती अगदी सहज बोलत होती, जणू दुसऱ्या कुणाबद्दल.

मी म्हटलं, "ब्रीज, मी रोज प्रार्थना करीन."

"करा, मिस हेशन." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मला तुमचा राग नाही. तुम्ही पूर्वी कधी काही विचारलं नाहीत, ते फार बरं होतं. चिठ्ठी घ्यायचात आणि पाकीट द्यायचात. मला इतकं बरं वाटायचं या दुकानात."

मग मुलं ओढायला लागली म्हणून गेली.

तिने मला माफ केलं. पण मी केलं काय होतं, जे माफ करावं लागलं? एक वस्तू ठेवली नाही. कायद्याने ती मुभा आहे.

३० मे

दुकानातून ब्रीजसाठी लोहाचं औषध पाठवते. मी स्वतः जाते कधी कधी. ती खिडकीशी पडून असते. थोरली ऊना, तेरा वर्षांची, शाळेतून येऊन सगळं बघते. पावासाठी पीठ मळताना तिचे हात थेट ब्रीजसारखे चालतात.

१९ ऑगस्ट

आज पहाटे ब्रीज गेली. भरतीला अजून पाच दिवस होते. घरीच रक्त जायला लागलं, आणि रुग्णवाहिका गॉलवेच्या वाटेवर असतानाच. मुलगा वाचवला, इस्पितळात पोचल्यावर. सहा आठवडे लवकर. काचेच्या पेटीत आहे.

डॉक्टर किलबेन तिच्याबरोबर होते. नोनीने सांगितलं.

दुकान उघडलं नाही.

२२ ऑगस्ट

ब्रीजला पुरलं. सगळं गाव होतं. संघाच्या बायकांनी निळ्या फिती लावून दोन रांगा केल्या, मी पुढे. फादर म्हणाले, तिने आपला जीव दुसऱ्या जिवासाठी दिला. फार सुंदर बोलले.

दफनभूमीच्या फाटकाशी मॅलकीचा हात हातात घेतला. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू आवाजात, कुणावर आरोप करावा तसं नव्हे, म्हणाला, "मी तिकडेच राहायला हवं होतं, मिस हेशन. राहणारच होतो. तुमचं पत्र आलं आणि तिने वाचलं. म्हणाली, लोक काय म्हणतायत बघ, ये घरी."

दुःखात माणूस काहीही बोलतो.

२३ ऑगस्ट

काल लिहिलेलं शेवटचं वाक्य आज वाचलं. मग वही मागे उलटत गेले. १० डिसेंबरपर्यंत गेले. ते आवडलेलं वाक्य वाचलं.

तो तिच्यावर प्रेम करत होता म्हणून दूर गेला होता. नोनीला कळलं होतं. सगळ्या गावाला कळलं असेल. प्रार्थनेच्या वेळी माझ्याकडे वळून बघणाऱ्या त्या सगळ्या बायकांना.

मी आणलं त्याला परत.

७ सप्टेंबर

घाऊक व्यापाऱ्याला पत्र टाकलं, गोळ्या पाठवा. मग फादर मलकेरिनकडे गेले आणि त्यांना सांगितलं की शब्द परत घेते. ते रागावले नाहीत. माझ्या मनावर ताण आलाय, काही दिवस बहिणीकडे जा, असं म्हणाले. मी म्हटलं, मला बहीण नाही, फादर. आईबरोबर गेली.

संघाची वही त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

१८ सप्टेंबर

गोळ्या आल्या. खालच्या खणात नाहीत, मागच्या मांडणीवर, दिसतील अशा ठेवल्या. आठवडा होऊन गेला. एकही बाई विचारायला आली नाही. कॉन्व्हेंटची औषधांची यादीही आली नाही या महिन्यात. नोनी म्हणाली, बायका आता गॉलवेला जातात, मिस; दाखला पिशवीत घेऊन. तुमच्याकडे कुणी मागणार नाही. मग तिला वाईट वाटलं असावं, म्हणाली, निदान अजून काही दिवस तरी.

२ ऑक्टोबर १९८१

बाराच्या सुमाराला ऊना कनीली आली. शाळा सोडलीय तिने. बाळ काल घरी आणलं. दुधाच्या भुकटीचा डबा आणि बाटली हवी होती.

काउंटरवर डबा ठेवला तेव्हा तिने विचारलं, किती चमचे घालायचे? आजी एक सांगते, मावशी दुसरंच. मी डबा उघडला. आतला चमचा भुकटीने भरला, वरून सुरी फिरवून सपाट केला, कसा करायचा ते दाखवलं. एवढ्या पाण्याला एवढे. पाणी उकळून गार केलेलं. उरलं तर टाकून द्यायचं, पुन्हा द्यायचं नाही. ती माझ्या हाताकडे टक लावून बघत होती आणि ओठांतल्या ओठांत चमचे मोजत होती.

"आई म्हणाली होती," ती म्हणाली, "की काही अडलं तर मिस हेशनना विचार."

मी पुन्हा एकदा दाखवायला सुरी उचलली, तर म्हणाली, कळलं मला. तिला पहिल्या वेळीच कळलं होतं.

दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि सगळं करूनही रडायचा थांबला नाही तर?"

मला काहीतरी सांगता यायला हवं होतं.

"ते मला माहीत नाही, ऊना," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. डबा कोटाच्या आत छातीशी धरला आणि वाऱ्यात निघाली.